चटणीचा सरवा

यंदा शिमगा होऊन आठ दिवस झाले, तरी समोरचा सायकल दुरुस्तीवाला शिंकला नाही.

एरवी आमच्या गल्लीत चटणीचा हंगाम त्याच्या नाकानं सुरू होतो. आम्ही शटर वर केलं, डंकाचा पट्टा फिरायला लागला, पहिली मिरची उखळात पडली, की तो हातात पान्हा तसाच धरून दारात येतो. ओळीनं तीन शिंका देतो आणि ओरडतो, "झालं चालू यांचं! आता मिरगापतोर आमच्या नाकाचं काय खरं न्हाई!" आतून रांगेतली एखादी बाई ओरडते, "मग आळणी खावा की पावणं!" पावणं म्हणजे पाहुणे. तो गेली तीस वर्षं समोर बसतो. पण कोल्हापुरात भांडणाची सुरुवातसुद्धा समोरच्याला पाहुणा करून होते.

यंदा तो नुसताच दारात आला. नाक वर करून वास घेतला आणि म्हणाला, "औंदा चटणी न्हाई व्हय?"

चटणी होती. शनिवारपासून नव्या यंत्रावर चाचणी चालली होती. बंद यंत्र, चारी बाजूंनी रबर, वरून मिरची घालायची आणि खालून पूड डब्यात. धूळ नाही, ठसका नाही, सांडलवंड नाही. मेकॅनिक म्हणाला होता, "काकू, एक कणबी भाईर येनार न्हाई." हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी एकदा बोलले आहे. त्या वाक्यानं त्या हंगामात काय केलं, ते या आठ दिवसांत माझ्या डोक्यातून जात नाही.

कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. वर्षभर आमटीत, रश्श्यात, झुणक्यात जे लाल पडतं, ती चटणी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जाळाला. त्यात भाजलेलं खोबरं, तीळ, धने, तळलेला कांदा, लसूण, आलं, मीठ. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक घराला वाटतं की बाकीच्यांना चटणी येत नाही. हे सगळं घेऊन बायका डंकावर येतात. डंक म्हणजे जमिनीत पुरलेली लोखंडी उखळं आणि वरून यंत्रानं आपटणारी मुसळं. त्यांचा आवाज एकदा अंगात बसला की रविवारी, डंक बंद असतानाही, छातीत धपधपतो.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी जालन्याकडची. आमच्याकडं त्याला तिखट म्हणतात, नाहीतर काळा मसाला, नाहीतर येसर. कामाला लागले त्याच आठवड्यात डंकाच्या मालकीण सारामावशी माडीवरून ओरडल्या, "ए पोरी, वाटीभर चटणी घिऊन ये गं वर!" मी घरी पळाले, दाणे भाजले, लसूण घालून कुटले, वर फोडणी दिली आणि वाटी घेऊन गेले. मावशींच्या चुलीवर रस्सा उकळत होता. त्यांनी वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ही रश्श्यात घालू का तुझ्या डोसक्यावर?" म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून माझं नाव जालना पडलं. "ए जालना, चाळण आण." "जालना, नंबर कितवा चाललाय?"

आणखी एका गोष्टीनं मी गोंधळले होते. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. पहिल्यांदा वाटलं, माझी चेष्टा चाललीय. मग कळलं, ही बोलीच अशी. मी मात्र 'येते', 'जाते'वर अडून राहिले. गावापासून इतक्या लांब आल्यावर माणसाजवळ आपलं असं काय उरतं? मला वाटायचं, क्रियापदाचा शेवट तरी उरू द्यावा.

लग्न होऊन आले तेव्हा नवरा शिरोलीच्या एका फौंड्रीत होता. ओळख कुणाची नाही. गावच्या पाळकसाहेबांनी इथल्या चर्चला एक चिठ्ठी दिली होती, तेवढी पिशवीत. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर ती चिठ्ठी कुणाला द्यावी हे न कळून मी मागच्या बाकाशी उभी होते. एक उंच, खणखणीत बाई आली. अंगाला लसणाचा वास. याच सारामावशी. चिठ्ठी न वाचताच म्हणाली, "काम पायजे? उद्या ये. नाकाला फडकं बांधून ये." ते उपकार मी फेडू शकत नाही. फेडायला जाऊ नये, हेही त्यांनीच शिकवलं. ते सांगते पुढं.

मला सगळ्याची भीती वाटते. अजूनही. छापील कागदाची तर फारच. फॉर्म समोर आला की डोळे आधी 'शिक्षण' हा रकाना शोधतात आणि हाताला घाम सुटतो. माझी शाळा सातवीत सुटली. कुणी काढली नाही, सुटली. ज्वारीच्या काढणीचे दिवस आणि परीक्षेच्या आधीचे दिवस एकच पडायचे. काढणी झाली की आई मला घेऊन सरव्याला जायची. कापलेलं पीक बांधून नेल्यावर शेतात जी कणसं गळून पडलेली असतात, ती गोरगरिबांनी वेचायची. त्याला आमच्याकडं सरवा म्हणतात. त्या वर्षी सरवा चांगला होता. मी चार दिवस शाळेत गेले नाही, मग आठ, आणि मग जायची लाज वाटायला लागली.

पण त्या शेतातलं मला एक दृश्य आठवतं. आम्ही वेचत असायचो तेव्हा शेताचा मालक बांधावर बसलेला असायचा. आमच्याकडं पाठ करून. आम्ही विचारत नव्हतो, तो सांगत नव्हता. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस घमेंडी आहे, आमच्याकडं बघतसुद्धा नाही. त्या पाठीचा अर्थ कळायला मला कोल्हापूर गाठावं लागलं आणि दोन चुका कराव्या लागल्या.

सारामावशींची प्रार्थना फार छोटी असायची. सकाळी बटण दाबायच्या आधी यंत्राच्या जाळीवर हात ठेवून म्हणायच्या, "प्रभो, आज कुणाचा डबा बदलू नये, कुणाचं बोट सापडू नये, आन् माझं तोंड जरा आवर." तिसरी विनंती बहुधा मान्य व्हायची नाही. रांगेत कुणी घुसलं तर त्या कुणाचीही भीड ठेवायच्या नाहीत. पण संध्याकाळी उखळं धुवायची वेळ आली की स्वतः पदर खोचून खाली बसायच्या. गरम पाण्यानं उखळ धुताना मिरची हातांना अशी चढते की कोपरापर्यंत आग होते. ते काम त्यांनी कधी आम्हाला दिलं नाही. "मालकीण हाय म्हनून तर धुतो," म्हणायच्या. "तुमास्नी सांगितलं तर तुमी माझ्यावर चिडून धुशीला, आन् उखळ वास मारंल." चर्चमध्ये पुढारीपणावर प्रवचनं मी बरीच ऐकली. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर ते लाल झालेले हात येतात.

रविवारी आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, डंक बंद. ऐन हंगामात बायका कुरकुरायच्या, "मावशी, सुट्टी काय पावसाळ्यात घ्यायची हुती!" मावशी म्हणायच्या, "पावसाळ्यात तुमी येतासा व्हय? मग सुट्टी कसली? ते तर रिकामपण."

आणि सरवा. तो शब्द मला इथं पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. मुसळं आपटायला लागली की उखळाच्या काठावरून चटणी उडते. चिमूट इकडं, चिमूट तिकडं. उखळांभोवती धुतलेलं मांजरपाट अंथरलेलं असायचं, त्यावर ती पडत राहायची. गिऱ्हाइकाच्या डब्यात ती परत जाऊ शकत नाही, कारण ती एकाची नसते. सकाळपासूनच्या सगळ्या घरांची मिसळलेली असते. पहिल्या दिवशी मी ती झाडून मालकिणीच्या डब्यात भरायला लागले, तर मावशींनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्यो सरवा हाय."

बोळाच्या बाजूला एक दार होतं. त्याची कडी दिवसभर काढलेली. तिकडून एक-दोन बायका यायच्या, खिळ्याला टांगलेला कुंचा घ्यायच्या, मांजरपाटावरचं झाडून आपल्या डब्यात भरायच्या आणि जायच्या. मावशी त्या वेळी नेमक्या दुसरीकडं बघत असायच्या. मला वाटायचं, योगायोग.

नेमानं येणारी गौराक्का. मूळची कुरुंदवाडकडची, बोलण्यात कानडी मिसळलेलं. मंडईत भाजीच्या जुड्या बांधायची. तिचा नवरा एकेकाळी तालमीत घुमलेला गडी, आता अर्धांगानं खाटेवर. "त्येला ताटात काय बी नसलं तर चालतंय," ती सांगायची, "लाल पायजे. आळणी दिसलं की त्वांड फिरवतोय. मग दोन दोन दिस जेवत न्हाई." त्या घरात भाकरी त्या डब्यावर खाल्ली जात होती, हे मला ठाऊक होतं. ती मला तंगी म्हणायची. कानडीत धाकटी बहीण.

एकदा तिनं सांगितलं, "आमच्या घरात दररोज येगळी आमटी, तंगी. एक दिस देसायाच्या घरची, एक दिस शाळंतल्या बाईच्या घरची. कुनाचं तीळ, कुनाचं खोबरं. आमी तर समद्या गल्लीच्यात जेवतो बग!"

मग तो हंगाम आला. मावशींचा गुडघा बदलायचा होता. त्या दवाखान्यात गेल्या आणि जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "कारभारी तू," म्हणाल्या. इकडं बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मग मी कोण?" मी म्हणाले, "तुम्ही भाकरी थापा." हसलो आम्ही. पण त्या किल्ल्या कमरेला लावल्यावर मी रात्री उठून उठून त्या मोजायला लागले.

मी त्या कारभाराला योग्य नाही, हे एक दिवस सगळ्यांना कळणार, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. रांगेतल्या प्रत्येक बाईच्या नजरेत मला तो शिक्षणाचा रकाना दिसायचा. मग मी कामालाच भिडले. रांगेला नंबराचे पत्र्याचे बिल्ले केले. मिरचीची एक पाळी, मसाल्याची एक पाळी अशी उखळं वाटून दिली. दिवसाला किती डबे उतरले ते पाटीवर लिहायला लागले. मावशींच्या काळात जेवढे व्हायचे त्याच्या सव्वापट, मग दीडपट झाले. आणि सांडलवंड दिसली की मला बोचायला लागली. गिऱ्हाईक म्हणेल, आमची चटणी सांडते. नवऱ्याच्या ओळखीनं पत्रा आणला आणि उखळांभोवती हातभर उंच कड ठोकून घेतली. आता उडालेलं सगळं कडेवर आपटून पुन्हा उखळातच जायचं. बायका खूश. "ह्या पोरीनं डंक सुधारला बघा! चिमूटबी वाया जात न्हाई." मी दवाखान्यात मावशींना सगळं सांगितलं. त्या औषधाच्या गुंगीत होत्या. "झ्याक," म्हणाल्या.

गौराक्का आली. बोळाच्या दारातून. मांजरपाट पांढरंशुभ्र. ती थोडा वेळ उभी राहिली, गेली. दोन दिवसांनी परत आली, परत गेली. तिसऱ्या वेळी तिनं विचारलं, "तंगी, आज काय पडलं न्हाई व्हय?"

मी पाटीवर आकडा लिहीत होते. मान वर न करता, अगदी आनंदानं म्हणाले, "आता काहीच पडत नाही आक्का! एक कणसुद्धा नाही!"

ती म्हणाली, "बरं झालं. कारभार चोख हाय तुझा." आणि रिकाम्या डब्याचं झाकण दाबून गेली.

मला ते शाबासकीसारखं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. रविवारी उपासनेत पाळकसाहेब दीनदुबळ्यांसाठी प्रार्थना करत होते. मी डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं ते पांढरं मांजरपाट आलं. मग आईची ओटी आली, ज्वारीच्या कणसांनी अर्धी भरलेली. मी 'आमेन' म्हणायला विसरले. जिचं बालपण सरव्यावर गेलं, तिनं दुसरीचा सरवा बंद केला होता, आणि त्याला सुधारणा म्हटलं होतं.

चूक कळली की मला ती ताबडतोब, नीटनेटकी दुरुस्त करायची घाई होते. हीच माझी दुसरी चूक. सोमवारी मी ताज्या चटणीचा किलोचा डबा भरला, उत्तम ब्याडगीचा. शिवाय एक वही आणली आणि त्यात रेघा मारल्या: नाव, पत्ता, घरात माणसं किती. गौराक्का बोळातून डोकावली तशी मी तिला पुढं, रांगेच्या समोर बोलावलं. "आक्का, हे तुमच्यासाठी. गरिबांना द्यायला काढलंय. तेवढं नाव सांगा, लिहून ठेवते."

रांगेतल्या बायका कौतुकानं बोलायला लागल्या. "द्यावं बाई, द्यावं." "घे की गं आक्का, लाजतीस काय!" "गरिबाचा दुवा लागतोय."

आक्कानं डबा हातात घेतला. क्षणभर वजन बघितल्यासारखं केलं. मग तो गल्ल्यावर ठेवला आणि झाकण सरळ केलं. "मी मागाय आलो न्हवतो, तंगी," म्हणाली. आणि जी बाई नेहमी बोळातून यायची-जायची, ती समोरच्या मोठ्या दारातून, सगळ्यांच्या देखत, ताठ मानेनं निघून गेली.

वही माझ्या हातात उघडीच राहिली. शिक्षणाचा रकाना बघून जिला घाम फुटतो ती मी, दुसऱ्या बाईसाठी रकाने आखून बसले होते.

ती त्यानंतर आली नाही. आठ दिवस, पंधरा दिवस. मी एकदा मंडईत गेले. ती मेथीच्या जुड्या बांधत पाठमोरी बसली होती. मी भाजी न घेताच परत आले. पाटीवरचे डबे वाढतच होते.

मावशी वॉकर घेऊन परत आल्या त्या उत्तम शुक्रवारच्या आठवड्यात. खुर्चीवर बसल्या, डंक बघितला, पत्र्याची कड बघितली.

"ह्ये कुणी केलं?"

"मी."

"झ्याक केलंस. माझ्या डोसक्यात कवा आलं न्हाई." मग मांजरपाटाकडं बघून म्हणाल्या, "आन् आक्का?"

मी सगळं सांगितलं. पांढरं मांजरपाट, डबा, वही, रांग, सगळं. रडले. किल्ल्या काढून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. मावशी ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या नुसत्या चष्मा पुसत बसल्या.

"तू घाबरलीस की लई नेटकी हुतीस बघ," म्हणाल्या. "त्येच तुझं वंगाळ हाय."

"पण मी दिलं ना मावशी तिला! किलोभर. ताजं."

"सरवा देत नसत्यात, खुळे. सरवा सोडत्यात."

मी पदराला डोळे पुसले.

"दिलंस की ती तुझी झाली. जल्मभर तुला बघून मान खाली घालणार. सोडलंस की ती तिची ऱ्हाती. ती वाकती, ती येचती, ती नेती. कष्टाचं हुतंय ते." गुडघा चोळत त्या थांबल्या. "देवानं जुन्या लोकांस्नी काय सांगितलं? शेत कापताना कोपरं कापू नगासा. पोती भरून गरिबाच्या दारात टाका, आसं का न्हाई सांगितलं? त्येच्याजवळ काय पोती कमी हुती?"

तेव्हा मला बांधावरच्या त्या माणसाची पाठ दिसली. पंचवीस वर्षांनी दिसली. तो आम्हाला न बघून काहीतरी देत होता. आम्हाला कुणाचं देणेकरी न होता घरी जाता यावं म्हणून.

"कड काढून टाकू?" मी विचारलं.

"का? चांगली हाय की. लोकांचं वाया कशाला घालवायचं? त्येंचा डबा भरलाच पायजे." मावशींनी बोळाच्या दाराकडं बोट केलं. "त्यो कोपरा काप. तेवढाच. आन् किल्ल्या उचल. जडशीळ झाल्यात मला."

पत्र्याची कात्री समोरच्या सायकलवाल्याकडून आणली. तो बघायला आला. "नवा कोरा पत्रा कापताय? डोसकं फिरलं काय तुमचं?" मी वीतभर कोपरा कापला. कापताना बोटाला लागलं; त्याची खूण अजून आहे. बटण दाबलं, आणि त्या एका जागेतून चटणी पुन्हा मांजरपाटावर उडायला लागली. चिमूट, चिमूट.

"आक्काला बोलवायला जाऊ?"

"अजाबात न्हाई. बोलीवलंस की परत देणं आलं."

असं वाट बघणं फार अवघड असतं. डबे मोजता येतात, वाट मोजता येत नाही. शनिवारी संध्याकाळी शटर ओढताना मी मांजरपाट झाडलं नाही, वर पातळ फडकं टाकलं आणि बोळाच्या दाराची कडी काढून ठेवली. रविवारी ईस्टर. मी गायले, पण मन बोळात होतं.

सोमवारी सकाळी दार ढकललं. फडकं घडी करून बाजूला ठेवलेलं. मांजरपाट स्वच्छ, कोपऱ्यात एक कण नाही. कुंचा खिळ्याला टांगलेला, पण उलटा. मी कधी तसा टांगत नाही. कोण आलं, कधी आलं, मी बघितलं नाही. रिकामी जागा बघून आनंद व्हावा असा कालचा सणच होता, येशूची कबर रिकामी सापडल्याचा. मी तिथंच जमिनीवर बसले आणि मावशींना माडीवर हाक मारली, "मावशी! काही नाही इथं! काहीच नाही!"

"मग वरडतीस कशाला?" वरून आवाज आला. "बटण दाब. गिऱ्हाईक आलंय."

पुढच्या वर्षी गौराक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते तक्रारच करायला. डबा काखेत, भुवया वर. "तंगी, औंदा लोकांनी मीठ लई घातलंय गं. आन् खोबरं कुटं गेलं? हात आखडलाय समद्यांचा." मावशी इतक्या हसल्या की ठसका लागला. मी मात्र तोंड फिरवून घेतलं, डोळ्यात मिरची गेल्यासारखं करून. जिला आपल्या वाट्याबद्दल तक्रार करता येते, तिचं मन आपल्याबद्दल स्वच्छ झालेलं असतं. मी तिची माफी कधी मागितली नाही, तिनंही तो विषय कधी काढला नाही. मिठाबद्दल बोललो.

आता सारामावशींना जिना उतरवत नाही. माडीवर खिडकीत बसतात, वासावरून सांगतात कुणाचा कांदा करपलाय. जुन्या डंकाचे भाग मिळेनासे झाले, मुसळं वाकली, माझे खांदे आता उखळं उपसून देत नाहीत. नवं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा मी विचारलं, "मावशी, कोपऱ्याचं काय?" त्या म्हणाल्या, "कारभारी कोण? तुझं तू बघ."

शनिवारी चाचणीच्या दिवशी गौराक्का आली. आता काठी आलीय हातात. नवरा अजून खाटेवर, अजून लालच मागतो. तिनं यंत्राकडं बघितलं, पायाखालच्या चकचकीत फरशीकडं बघितलं. "ग्वाड आवाज हाय," म्हणाली आणि गेली. मला सगळं तेच आठवलं. तेच झाकण दाबणं, तीच पाठ.

आज मेकॅनिक शेवटचं रबर बसवून सही घ्यायला आला. मी त्याला म्हणाले, "बोळाच्या बाजूचं एवढं वीतभर रबर काढून टाका."

"सांडंल की काकू."

"सांडू दे."

"सांडू दे कसं? उद्या म्हनशीला, मशीन खराब दिलं. सायेब मला धरत्यात."

"नाही म्हणणार."

"तसं चालत न्हाई. ह्यात लिवून द्या." त्यानं फॉर्म पुढं केला. छापील. रकान्यांचा. खाली एक चौकट: तक्रार असल्यास.

हाताला घाम सुटला, नेहमीसारखा. पण तोंडातून निघालं, "आण हिकडं. लिहून देतो की!"

देतो. मी थबकले. इतकी वर्षं जपलेला तो एक शेवट कधी गळून पडला, मला कळलंसुद्धा नाही. कुठंतरी याच फरशीवर सांडला असेल. उचलायला वाकले नाही.

पेन घट्ट धरून, सातवीतल्या अक्षरात लिहिलं: मशीन एका कोपऱ्यातून सांडते. तक्रार नाही.

मेकॅनिकनं दोनदा वाचलं. "सांडते, आन् तक्रार न्हाई? सायेब मला खुळ्यात काढतील." पण त्यानं वीतभर रबर काढून घेतलं. मी कोपऱ्याखाली मांजरपाट अंथरलं, कुंचा खिळ्याला टांगला, बोळाच्या दाराची कडी काढली. यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवला. डबा बदलू नये, बोट सापडू नये, आणि माझा नेटकेपणा जरा आवर. मग बटण दाबलं. आधी काहीच आलं नाही. मग त्या फटीतून एक बारीक लाल रेघ हवेत उठली, थोडी तरंगली आणि पांढऱ्या कापडावर बसायला लागली.

रस्त्यापलीकडं एक शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी.

"झालं चालू यांचं!"

"मग आळणी खावा की पावणं!" मी ओरडले. तेवढ्यात मागं बोळाचं दार करकरलं, फरशीवर काठी टेकल्याचा आवाज आला. मी चाळण घेतली आणि रस्त्याकडं तोंड करून, पाठ नीट दाराकडं होईल अशी, चाळत बसले.